पत्र येते, उत्तर येत नाही

माझी बहुतेक नोकरी महाराष्ट्राबाहेर, एका हिंदीभाषक राज्यात झाली. तेथे आठवड्यातील एक सकाळ कोणीही यावे आणि अधिकाऱ्याला भेटावे यासाठी राखून ठेवलेली असे. अशाच एका सकाळी एक वृद्ध बाई कापडी पिशवी घेऊन आल्या. त्यांचे पती एका सरकारी खात्यात चौकीदार होते आणि त्यांच्या मृत्यूला तीन वर्षे झाली होती. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र सुरू झाले नव्हते. मी नेहमीप्रमाणे विचारले, "माताजी, आपने अर्जी दी थी? कोई जवाब आया?" त्यांनी पिशवीतून कागदांची चळत काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "चिट्ठी तो हर बार आती है, साहब. जवाब नहीं आता."

मी कागद पाहू लागलो. निरनिराळ्या कार्यालयांची सात पत्रे होती. सर्वांवर जावक क्रमांक होता, तारीख होती, सही होती. "आपले प्रकरण विचाराधीन आहे", "आवश्यक कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे", "नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे" असा मजकूर. कार्यालयीन कार्यपद्धतीप्रमाणे पाहिले तर एकाही पत्रात चूक नव्हती. सातांपैकी तीन पत्रांवर सही माझीच होती.

त्या दिवसापासून मला इंग्रजीतील दोन शब्दांचा भेद नीट कळू लागला. एक 'रिप्लाय' आणि दुसरा 'आन्सर'. शाळेत आपण दोघांचा अर्थ 'उत्तर' असाच पाठ केला होता. त्या निरक्षर बाईंनी मात्र 'चिट्ठी' आणि 'जवाब' असे दोन वेगळे शब्द वापरून तो भेद माझ्यापेक्षा अचूक सांगितला होता.

या शब्दांची कुळे पाहण्यासारखी आहेत. 'रिप्लाय' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा मूळ अर्थ मागे दुमडणे, घडी घालणे असा आहे. 'रेप्लिका' म्हणजे हुबेहूब प्रतिकृती, हा शब्दही त्याच कुळातला. आपली सरकारी पत्रे आठवून पाहा. 'आपला अमुक तारखेचा अर्ज, त्याद्वारे आपण असे कळविले आहे की' अशी सुरुवात करून अर्जदाराचेच म्हणणे चार ओळींत त्याला परत सांगायचे आणि शेवटी 'प्रकरण विचाराधीन आहे' असे जोडायचे. कागद दुमडून परत पाठविण्याचाच हा प्रकार. 'रिप्लाय' या शब्दाशी आपण फारच प्रामाणिक राहिलो आहोत.

'आन्सर' या शब्दाची गोष्ट निराळी. जुन्या इंग्रजीत त्याचे दोन भाग होते. पहिल्याचा अर्थ 'विरुद्ध' किंवा 'समोर', आणि दुसरा भाग शपथ घेणे या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला. म्हणजे कोणी आरोप केला असता त्याच्यासमोर उभे राहून शपथेवर केलेले निवेदन, हा 'आन्सर'चा मूळ अर्थ. त्यात एक माणूस उभा आहे, त्याने आपले म्हणणे स्वतःच्या अंगावर घेतले आहे आणि ते खोटे ठरल्यास परिणाम भोगण्याची त्याची तयारी आहे. आपल्या पत्रांत मात्र 'कळविण्यात येते', 'पाठविण्यात आले आहे', 'निर्णय घेण्यात येईल' अशी कर्मणी प्रयोगाची रांग लागलेली असते. कोण कळवतो, कोणाकडे पाठवले, कोण आणि केव्हा निर्णय घेईल, याचा पत्ता वाक्यात नसतो. कर्त्याशिवाय वाक्य होऊ शकते हे व्याकरणाला मान्य आहे. पण कर्त्याशिवाय उत्तर होऊ शकत नाही.

तिसरा शब्द 'रिस्पॉन्स', आणि त्याच्याच पोटातला 'रिस्पॉन्सिबल'. याच्या मुळाशी वचन देणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. प्राचीन रोमन कायद्यात करार करण्याची एक रीत होती. एकाने विचारायचे, "वचन देतोस?" आणि दुसऱ्याने त्याच क्रियापदात म्हणायचे, "देतो." एवढ्या प्रश्नोत्तराने कायद्याचे बंधन निर्माण होई. 'स्पॉन्सर' हा शब्द याच मुळातून आला, आणि पती किंवा पत्नी या अर्थाचा 'स्पाउज' हा शब्दही. तेव्हा 'रिस्पॉन्सिबल' म्हणजे केवळ काम सोपविलेला माणूस नव्हे. विचारल्यावर ज्याने वचन दिले आणि त्या वचनाने जो बांधला गेला, तो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दोन-तीन भाषांचे शब्द रोज शेजारीशेजारी ऐकू येतात, हा एक फायदाच आहे. हिंदीत 'अकाउंटेबल' या अर्थी 'जवाबदेह' म्हणतात, तर मराठीत आपण 'जबाबदार' म्हणतो. 'जवाब' अरबी आणि पुढचे प्रत्यय फारसी. 'देह' म्हणजे देणारा आणि 'दार' म्हणजे धारण करणारा, बाळगणारा. हिंदीचा माणूस जवाब देतो, मराठीचा जवळ बाळगतो! हा अर्थात शब्दांचा विनोद झाला. पण त्यामागे एक खरी अडचण आहे. 'ही माझी जबाबदारी आहे' असे आपण अभिमानाने म्हणतो तेव्हा आपल्या मनात अधिकार आणि काम असते. 'याला जबाबदार कोण?' असे रागाने विचारतो तेव्हा आपल्या मनात दोष असतो. काम हाती घेणे आणि झालेल्या कामाचा जाब देणे या दोन टोकांना आपण एकाच शब्दाने बांधले. त्यामुळे मधली सर्वांत महत्त्वाची पायरी, म्हणजे विचारणाऱ्याला कारणासह सांगणे, ही निसटून जाते. तिच्यासाठी 'उत्तरदायित्व' हा शब्द आहे, परंतु तो भाषणांत राहिला, कार्यालयात उतरला नाही.

इंग्रजी प्रशासनाने या पायऱ्या वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. काम करण्यापूर्वी ज्याच्यावर ते सोपविले तो 'रिस्पॉन्सिबल'. काम झाल्यावर ज्याने हिशेब द्यायचा तो 'अकाउंटेबल'. विचारल्यावर ज्याने खुलासा करायचा तो 'आन्सरेबल'. नुकसान झाल्यास ज्याने भरून द्यायचे तो 'लायेबल'. चौघे एकच व्यक्ती असतील किंवा नसतीलही. आपल्याकडे मात्र चारही गोष्टी एकत्र होऊन सर्वांत खालच्या लिपिकाच्या टेबलावर जाऊन पडतात, आणि त्याला 'कारणे दाखवा' नोटीस मिळते. कारणे दाखवा असे सरकार आपल्या कर्मचाऱ्याला किती सहज सांगते! नागरिकाला कारणे दाखविण्याची वेळ आली की तीच यंत्रणा मौन धरते.

हा शब्दांचा खेळ नाही, कारण आपल्या राज्यघटनेचा पायाच एका अशा शब्दावर उभा आहे. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी ब्रिटिश संसदेत जी प्रसिद्ध घोषणा केली तिच्यात 'रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट' असा शब्दप्रयोग होता. स्वराज्य या अर्थाचा शब्द टाळून हा शब्द घालण्यात लॉर्ड कर्झन यांचा हात होता. पुढे १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. काही खाती निर्वाचित सदस्यांना उत्तर देणाऱ्या मंत्र्यांकडे गेली. पोलीस, महसूल यांसारखी खाती मात्र तसे बंधन नसलेल्या कार्यकारी सदस्यांकडे राहिली. ज्यांना उत्तर द्यावे लागत नव्हते त्यांच्याकडे खरी सत्ता होती. ही सवय आपल्या कचेऱ्यांतून अजून पुरती गेलेली नाही, असे माझे मत आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडला, तेव्हा त्यांनी या प्रश्नाचा थेट विचार केला. लोकशाहीतील कार्यकारी सत्ता स्थिर हवी आणि जबाबदारही हवी, पण दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, असे सांगून त्यांनी मसुद्याने जबाबदारीला अधिक पसंती दिल्याचे स्पष्ट केले. मतदार काही वर्षांनी जोखतात त्यापेक्षा सभागृहातील प्रश्न, ठराव, चर्चा यांतून होणारी रोजची तपासणी अधिक परिणामकारक, हा त्यांचा युक्तिवाद होता. अनुच्छेद ७५ मध्ये मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार ठरविण्यात आली आहे, तिच्यामागे हा विचार आहे.

संसदेने 'विचाराधीन' या शब्दाचे काय केले ते आता पाहा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मूळ कोकणातले, जन्म बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद, म्हणजे आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, १ डिसेंबर १९५३ रोजी, लोकसभेची शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली. मंत्र्याने सभागृहात उच्चारलेली कोणती वाक्ये आश्वासन मानावीत याची एक नमुनायादीच आहे, आणि तिच्यात 'विषय विचाराधीन आहे', 'मी याची माहिती घेईन' ही वाक्येही येतात. असे वाक्य उच्चारले की ते नोंदले जाते, तीन महिन्यांत त्याची पूर्तता अपेक्षित असते, आणि न झाल्यास मुदतवाढ मागावी लागते. रोमन कायद्यातले ते "वचन देतोस? देतो" येथे जिवंत आहे.

आणि आपल्या कार्यालयात? तेच वाक्य पत्रात लिहिले की नोंदवहीत अर्ज 'निकाली' निघतो. जे वाक्य संसदेत प्रकरण उघडते, तेच कचेरीत प्रकरण बंद करते. खासदाराला दिलेले 'विचाराधीन' हे वचन आणि विधवेला दिलेले 'विचाराधीन' ही बोळवण! माझा सारा आक्षेप या एका विसंगतीवर आहे.

दुसरा फरक पुरवणी प्रश्नाचा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर दिले की सदस्य उठून पुरवणी प्रश्न विचारू शकतो. पहिले उत्तर पोकळ असेल तर ते तिथेच उघडे पडते. नागरिकाला मात्र पत्र मिळाल्यावर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो आणि त्याला नवा आवक क्रमांक मिळतो. ज्या उत्तराला उलट प्रश्न विचारता येत नाही, ते उत्तर म्हणावे का, याचा विचार व्हायला हवा.

हिशेबाच्या शब्दांकडेही जरा पाहू. 'अकाउंट' आणि 'कॉम्प्युटर' यांचे मूळ एकच, मोजणे. पण 'ऑडिट' याचे मूळ मोजण्यात नसून ऐकण्यात आहे. मध्ययुगात हिशेब मोठ्याने वाचून दाखविले जात आणि तपासणारे ते ऐकत, म्हणून ते 'ऑडिटर'. कालांतराने ऐकणे गेले आणि कागद उरले. भारतात हा मूळ अर्थ पुन्हा जागा केला तो राजस्थानच्या खेड्यांनी. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर वाचून दाखविण्यात आली. ज्यांची नावे त्यांत होती तीच माणसे समोर बसलेली होती, त्यामुळे कोण कामावर होते आणि कोण नव्हते याचा निवाडा तिथेच होऊ लागला. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. 'सुनवाई' आणि 'ऑडिट' हे शब्द अर्थाने सख्खे भाऊ आहेत हे त्या मजुरांना माहीत असण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी नेमके तेच केले. पुढे २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद झाली आणि मेघालयाने २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला.

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अंमलात आला. आम्हा अधिकाऱ्यांपैकी अनेकांनी त्याच्याकडे कटकट म्हणून पाहिले. मीही सुरुवातीला पाहिले. परंतु प्रशासनाच्या भाषेत या कायद्याने मोठा बदल केला. तीस दिवसांची मुदत, जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. नकार द्यायचा तर कारण द्यायचे आणि अपील कोणाकडे करावे तेही लिहायचे. विनाकारण उशीर केल्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड, आणि तो माहिती अधिकाऱ्यावर व्यक्तिशः. प्रथमच पत्राखालच्या सहीमागे माणूस आला. पहिले अपील हा तर नागरिकाचा पुरवणी प्रश्नच! कलम ४ मधील एक तरतूद मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवावीत, असे ती सांगते, आणि त्यासाठी अर्ज करण्याची अट नाही.

कायद्याच्या इंग्रजीत एक सुंदर शब्दप्रयोग आहे, 'स्पीकिंग ऑर्डर', म्हणजे बोलका आदेश. जो आदेश आपली कारणे स्वतःच सांगतो, तो बोलका. १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अर्धन्यायिक अधिकार वापरणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्याने सामान्यतः कारणे नोंदवलीच पाहिजेत असे सांगितले. त्यापुढे जाऊन मी म्हणेन की आदेशच नव्हे, साधे पत्रही बोलके असले पाहिजे.

अधिकाऱ्यांची बाजू मला ठाऊक आहे, कारण ती माझीच बाजू होती. खरे उत्तर धोक्याचे असते. 'आपले प्रकरण अमुक कारणाने अडले आहे' असे लिहिले की तो कागद उद्या न्यायालयात जोडला जातो. तारीख दिली की ती चुकल्याचा पुरावा तयार होतो. शिवाय ज्याच्याकडे अर्ज येतो त्याच्याकडे अनेकदा निर्णयाचा अधिकारच नसतो. आणि मासिक बैठकीत तक्त्याचे रकाने तीनच असतात: प्राप्त, निकाली, प्रलंबित. 'प्रश्न सुटला का' असा रकाना नाही. ज्या गोष्टीची मोजणी होते तीच गोष्ट माणूस करतो, यात त्याचा स्वभावदोष नाही. अलीकडच्या वर्षांत केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर अपिलाची आणि तक्रारदाराचा अभिप्राय घेण्याची सोय झाली, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. पण मळलेली वाक्ये पोर्टलवरही तितक्याच सहजतेने चिकटवता येतात. संगणकाने रिप्लाय वेगवान झाला, आन्सरला मात्र अजून माणूसच लागतो.

म्हणून मला तीन साध्या सूचना कराव्याशा वाटतात. यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही.

एक, नागरिकाला जाणाऱ्या प्रत्येक पत्रात चार गोष्टी असाव्यात: प्रकरण कोठे आहे, कशामुळे अडले आहे, पुढचे पाऊल कोण उचलणार आणि केव्हापर्यंत. या चार नसतील तर ते पत्र पोच मानावे, उत्तर मानू नये.

दोन, 'विचाराधीन' असे लिहिलेले प्रकरण निकाली म्हणून मोजू नये. संसदेप्रमाणे त्याची आश्वासन म्हणून वेगळी नोंद व्हावी आणि तीन महिन्यांनी ती अधिकाऱ्यासमोर आपोआप यावी.

तीन, पत्र सही करणाऱ्याने स्वतः एकदा मोठ्याने वाचावे, शक्य तर अर्जदारासमोर. ऐकायला बरे वाटत नसेल तर ते लिहिलेलेही बरे नाही. ऑडिटचा मूळ अर्थ हाच.

त्या बाईंच्या प्रकरणात काय अडले होते? सेवापुस्तकात पतीचे नाव एका प्रकारे लिहिलेले होते आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे शपथपत्र हवे होते. ते त्यांच्याकडून घ्यावे म्हणून दोन कार्यालये परस्परांना लिहीत होती, आणि सात पत्रांपैकी एकातही ही गोष्ट त्या बाईंना कोणी सांगितलेली नव्हती. शपथपत्राला एक सकाळ पुरली. त्यानंतर निवृत्तिवेतन सुरू व्हायला चार महिने लागले, तेही मी पाठपुरावा केला म्हणून. तीन वर्षांचा काळ त्यांनी कसा काढला हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

शपथेवर समोर येऊन केलेले निवेदन, हा 'आन्सर'चा मूळ अर्थ मी वर सांगितला. त्या दिवशी शपथपत्र त्या बाईंनी दिले. खरे म्हणजे ते आम्ही द्यायला हवे होते.